क्लब एम आणि ओस पडलेल्या गॅलऱ्या

ऑगस्ट २०१७ मध्ये अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर भारत, मॉरिशस आणि सेंट किट्स-नेव्हिस यांची तिरंगी मालिका झाली. पहिल्याच सामन्यात पंधराव्या मिनिटाला मर्व्हिन जॉसलिनने गोल केला आणि मॉरिशसने भारताला मागे टाकलं. मग रॉबिन सिंगने बरोबरी साधली, उत्तरार्धात बलवंत सिंगने विजयी गोल केला आणि सामना भारताने २-१ असा जिंकला. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून होता. मॉरिशसबद्दल मराठीत गणेशोत्सव, गंगा तलाव, आप्रवासी घाट हे सगळं आपण वाचतो. १८३४ पासून जे लाखो गिरमिटिये तिथे उतरले, त्यांत कोकणातून गेलेली आपली माणसंही होती आणि गणेश चतुर्थीला तिथे आजही सरकारी सुट्टी असते, हेही आपल्याला ठाऊक असतं. पण त्या माणसांची नातवंडं-पतवंडं संध्याकाळी मैदानावर कुणाच्या बाजूने ओरडत होती, हे मात्र आपण कधी विचारलं नाही. आणि हा प्रश्न धरला की त्या बेटाचा सगळा सामाजिक इतिहास आपोआप हाती येऊ लागतो.

अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. १९४७ पासून मॉरिशस, रीयुनियन आणि मादागास्कर या हिंदी महासागरातल्या तीन शेजाऱ्यांमध्ये तिरंगी स्पर्धा होत असे. तिच्यात मॉरिशसचा दबदबा होता. १९५० साली त्यांनी रीयुनियनला १५-२ असं हरवलं आणि तो विजय अजूनही त्यांच्या विक्रमांच्या यादीत अग्रभागी आहे. १९५२ मध्ये फुटबॉल संघटना उभी राहिली, १९६४ मध्ये फिफाचं सदस्यत्व मिळालं, १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याला सहा वर्षं होत होती तेव्हा, १९७४ साली, मॉरिशसचा संघ इजिप्तमध्ये आफ्रिका चषकाच्या मुख्य स्पर्धेत पोचला. तेव्हा स्पर्धेत आठच संघ असत. गटात काँगो, गिनी आणि झाईर. मॉरिशस तिन्ही सामने हरला, दोन गोल केले आणि आठ खाल्ले. ज्या झाईरने त्यांना ४-१ असं हरवलं, त्याच झाईरने ती स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी तो विश्वचषकात खेळला. त्यानंतर मॉरिशस आफ्रिका चषकाच्या मुख्य फेरीत पुन्हा कधीच दिसला नाही. हिंदी महासागर क्रीडास्पर्धेत १९८५ आणि २००३ अशी दोन सुवर्णपदकं मिळाली, दोन्ही घरच्या मैदानावर. आणि २००३ च्याच जूनमध्ये इजिप्तने त्यांच्यावर ७-० अशी मात केली होती.

मला खिळवून ठेवलं ते या निकालांनी नव्हे, तर राष्ट्रीय संघाला खेळाडू पुरवणाऱ्या क्लबांच्या व्यवस्थेने. राष्ट्रीय संघाला तिथे प्रेमाने ‘क्लब एम’ म्हणतात. पण लोकांचं खरं प्रेम ज्यांच्यावर होतं त्या क्लबांची नावं अशी होती: डोडो क्लब, रेसिंग क्लब, फायर ब्रिगेड, हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स. डोडो क्लब फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचा. फायर ब्रिगेड क्रिओलांचा, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा. कॅडेट्स आणि स्काउट्स यांची नावं स्वतःच बोलतात. साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशात सामना म्हणजे एका समाजाने दुसऱ्या समाजासमोर उभं राहणं असे. मुलगा कुठल्या घरात जन्मला हे कळलं की त्याचा क्लब कळत असे.

मुंबईकर मराठी माणसाला हे वाचताना बाँबे पेंटँग्युलर आठवल्याशिवाय राहणार नाही. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि ‘द रेस्ट’ अशा पाच संघांची ती क्रिकेट स्पर्धा. ती पाहायला मुंबई लोटत असे. १९४३ च्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी ‘रेस्ट’च्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ केल्या, ते हिंदू संघाविरुद्ध. हजारे ख्रिस्ती, म्हणून ‘रेस्ट’मध्ये. ज्यांना कुठल्याच खणात बसवता येत नव्हतं त्यांच्यासाठी केलेला तो खण. गांधीजींनी १९४० मध्ये या स्पर्धेविरुद्ध स्पष्ट मत दिलं आणि १९४६ नंतर ती बंद झाली. प्रांतवार रणजी करंडक १९३४ पासून सुरू होता, पण पेंटँग्युलरला लोटणारी गर्दी त्याला लाभत नव्हती. हे लक्षात ठेवून मॉरिशसकडे पाहिलं तर पुढची गोष्ट अधिक समजते.

कारण तिथेही तसाच एक उरलेल्यांचा खण आहे, आणि तो थेट राज्यघटनेत. मॉरिशसच्या घटनेने चार समाज मानले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि या तिघांत न बसणारे बाकीचे सगळे, म्हणजे ‘सामान्य लोकसंख्या’. निवडणुकीला उभं राहणाऱ्याने आपला समाज जाहीर करायचा. ६२ जागा मतांनी भरायच्या, मग हरलेल्यांतून आणखी जास्तीत जास्त आठ जण समाजांचा समतोल साधण्यासाठी घ्यायचे. हा समतोल मोजायला आजही १९७२ च्या जनगणनेचा आधार घ्यावा लागतो, कारण त्यानंतरच्या जनगणनेत समाज विचारणंच थांबवलं गेलं. गोरा साखर-कारखानदार आणि क्रिओल गोदी कामगार या हिशेबात एकाच खणात येतात. मराठी, तमिळ, तेलुगू घरं हिंदूंच्या खणात, जरी त्यांची देवळं, संस्था आणि सण वेगळे असले तरी. फुटबॉलने मात्र घटनेपेक्षा बारीक विणकाम केलं होतं. तमिळांचा वेगळा क्लब, गोऱ्यांचा वेगळा, क्रिओलांचा वेगळा. लोक स्वतःला कसं ओळखतात हे सरकारी अनुसूचीपेक्षा गॅलरीला जास्त नेमकं कळत होतं, असं माझं मत झालं आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने क्लबांच्या नावांतून धर्म आणि समाज काढायला लावले. हिंदू कॅडेट्सचे नुसते कॅडेट्स झाले, मुस्लिम स्काउट्सचे स्काउट्स. जर्सीवरचा शब्द गेला. पण प्रेक्षक तेच, पदाधिकारी तेच, घोषणा त्याच आणि मनातला हिशेबही तोच. असल्या नामांतरांचं आपल्याकडेही काय होतं ते आपण पाहतो, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं, कारण नाव बदलणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक होता. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९६८ च्या जानेवारीत, पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत रक्त सांडलं होतं आणि ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं होतं. ते पाहिलेली माणसं तेव्हा सत्तेत होती.

मग १९९९ आलं. फेब्रुवारीत काया या नावाने गाणारा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. राष्ट्राध्यक्ष कासिम उतीम स्वतः रस्त्यावर उतरून लोकांना शांत राहायला सांगत फिरले. ते निवळतं न निवळतं तोच २३ मे रोजी बेल व्ह्यूच्या अंजले स्टेडियमवर फायर ब्रिगेड आणि स्काउट्स समोरासमोर आले, विजेतेपद ठरवणाऱ्या सामन्यात. फायर ब्रिगेड जिंकला. त्या रात्री पोर्ट लुईमध्ये जमावाने लामिकाल नावाचं जुगारघर पेटवलं. आतल्या सात जणांचा मृत्यू झाला. त्यांत स्त्रिया होत्या, मुलं होती.

हे स्टेडियम ज्या अंजले कूपन यांच्या नावाने उभं आहे, त्या त्याच परिसरातल्या ऊसमळ्यातल्या मजूर. २७ सप्टेंबर १९४३ रोजी मजुरी आणि वागणुकीच्या तक्रारींवरून जमलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात गरोदर अंजले आणि आणखी तिघे मारले गेले. मजुरांच्या लढ्याची आठवण नावात जपणाऱ्या मैदानावरून निघालेली गर्दी सात निरपराध जिवांपर्यंत जाऊन थांबली. मॉरिशसच्या फुटबॉलबद्दल वाचताना मी याच जागी सर्वात जास्त वेळ थांबलो.

सरकारने त्यानंतर फुटबॉलच थांबवला. लीग बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा जुने क्लब नव्हते. त्यांच्या जागी विभागवार क्लब उभे केले: पोर्ट लुईचा, क्युरपीपचा, पाम्पलमूसचा, साव्हानचा, फ्लाकचा. राजधानीच्या क्लबाच्या नावात तर नव्या सुरुवातीचं वर्षच घातलं, ‘पोर्ट लुई २०००’. तेरा वेळा लीग जिंकलेल्या फायर ब्रिगेडचं नाव लीगमधून गेलं. कॅडेट्स, स्काउट्स गेले. हा निर्णय योग्य होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सात माणसं जळाल्यावर दुसरं काय करायचं?

पण गॅलरी परत आली नाही.

राष्ट्रीय संघाची सगळी दुखणी इथून सुरू होतात. क्लब एम ही एकच जर्सी अशी आहे की जिच्यासाठी हिंदू, क्रिओल, मुस्लिम, चिनी, गोरा असे सगळे एकत्र टाळ्या वाजवतात. २००३ च्या सुवर्णपदकाच्या वेळी, लामिकालनंतर चारच वर्षांनी, हे दिसलंही. पण राष्ट्रीय संघ वर्षातून मोजके दिवस खेळतो. खेळाडू घडतो तो आठवड्याच्या सामन्यात, आणि तो सामना बघायला माणूस नसेल तर तिकिटाचे पैसे नाहीत, जाहिरातदार नाही, पगार नाही. २०१४ मध्ये व्यावसायिक लीग सुरू करून पाहिली. कागदावर ती व्यवस्थित होती. पण क्युरपीपच्या माणसाला क्युरपीपसाठी ओरडावंसं वाटायला नकाशावरची हद्द पुरत नाही. त्यासाठी आजोबांनी सांगितलेला एखादा गोल लागतो, हरल्यावर घरात पसरलेली शांतता लागते. जुन्या क्लबांकडे हे सगळं होतं, विषासकट.

ओढ मात्र नाहीशी झाली नाही, ती टीव्हीकडे वळली. मॉरिशसमध्ये इंग्लिश प्रीमियर लीगचं वेड विलक्षण आहे. मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांच्या पाठीराख्यांची जुगलबंदी तिथे घराघरांत चालते. लिव्हरपूलने आपल्या नावाची अकादमीही तिथे काढली. एका अर्थी हे सुखाचं आहे, कारण लिव्हरपूलच्या लाल जर्सीला धर्म नाही आणि कुणाची वस्ती कुठली हे ती विचारत नाही. पण हे प्रेम मॉरिशसच्या एकाही मुलाला रविवारी मैदानावर उतरायचं कारण देत नाही.

मार्गदर्शनाची कमतरता होती असंही म्हणता येत नाही. रेडुई इथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. फ्रान्सच्या क्लेरफाँतेन अकादमीत आणि मँचेस्टर युनायटेडच्या युवा विभागात काम केलेले ब्राझिलियन प्रशिक्षक फ्रान्सिस्को फिल्हो या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. पण प्रशिक्षक संघाला शिस्त देऊ शकतो, चांगले बचावपटू उभे करू शकतो. शनिवारी चार हजार लोक आणून बसवणं त्याच्या हातात नसतं.

शेजारी दरम्यान पुढे निघून गेले, आणि हे अधिक बोचणारं आहे. पन्नासच्या दशकात ज्या मादागास्करशी मॉरिशस बरोबरीने खेळत होता, त्याने २०१९ च्या आफ्रिका चषकात गटात नायजेरियाला हरवलं आणि पुढे उपांत्यपूर्व फेरी गाठली. २००५ मध्ये फिफात आलेल्या कोमोरोसने २०२२ च्या जानेवारीत घानाला ३-२ असं हरवून बाद फेरी गाठली. एक लाखाच्या आसपास वस्तीच्या सेशल्सने २००८ मध्ये मॉरिशसला ७-० असं हरवलं होतं. २०१४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून तर मॉरिशसने लायबेरियाशी सामना व्हायच्या आधीच माघार घेतली.

आणि २०२६ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी. मॉरिशसच्या गटात कॅमेरून, अँगोला, लिबिया, एस्वाटिनी आणि केप वर्दे. केप वर्देची लोकसंख्या मॉरिशसच्या निम्म्याहून कमी. मॉरिशस त्यांच्याविरुद्धचे दोन्ही सामने हरला. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रायामध्ये केप वर्देने एस्वाटिनीला ३-० असं हरवलं आणि कॅमेरूनला मागे टाकून गटाचं पहिलं स्थान पक्कं करत विश्वचषकाचं तिकीट मिळवलं.

त्यांनी हे कसं केलं ते लपलेलं नाही. लिस्बन, रॉटरडॅम, पॅरिस, जिथे जिथे बेटावरची कुटुंबं गेली तिथली मुलं शोधून काढली. डब्लिनमध्ये जन्मलेल्या रॉबर्टो लोपेसला तर प्रशिक्षकांनी लिंक्डइनवर निरोप पाठवून बोलावलं. कोमोरोसनेही फ्रान्समधल्या आपल्या मुलांवरच संघ बांधला. मॉरिशसची मुलंही युरोपात आहेत. रेनमध्ये जन्मलेला बचावपटू लिंडसे रोझ लिऑनसारख्या क्लबकडून खेळला आणि नंतर मॉरिशसकडून उतरला. इप्सविच टाउनचा केव्हिन ब्रूही या जर्सीत खेळला. पण सर्वात मोठं नाव त्यांच्या हाती लागलंच नाही. फ्रान्समध्ये वाढलेला विकाश धोरासू, घराणं मॉरिशसचं, पूर्वज भारतातून गेलेले. त्याने फ्रान्सची निळी जर्सी घातली आणि २००६ च्या अंतिम फेरी गाठणाऱ्या विश्वचषक संघात तो होता. फ्रान्सचं बोलावणं येणाऱ्याला कुणी अडवू नये. पण त्याच्या खालच्या पायरीवरचे जे पंधरा-वीस जण असतील त्यांना लहानपणापासून हेरून, पासपोर्टपासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळं पाहून सांभाळणं हे संघटनेचं काम आहे, आणि ते केप वर्देइतक्या चिकाटीने अजून झालेलं नाही.

नुसत्या बाहेरच्या मुलांनीही भागणार नाही, असं मला वाटतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादला इंटरकाँटिनेंटल चषकात मॉरिशसने भारताला ०-० असं रोखलं. जमून बचाव करणारा, हार न मानणारा संघ होता तो. पुढे सरकून गोल करायची सवय मात्र जोरदार लीगमध्येच लागते, जिथे दर आठवड्याला कुणीतरी हिरिरीने तुम्हाला हरवायला बघतो आणि गॅलरीतून तुमच्या नावाने हाक येते. विभागवार क्लबांना आता पंचवीस वर्षं झाली. लामिकालनंतर जन्मलेली पिढी कमावती झाली आहे. कॅडेट्स-स्काउट्सची चुरस तिने पाहिलेली नाही आणि त्या द्वेषाचा वारसा तिला सक्तीने घ्यावा लागत नाही. पोर्ट लुई किंवा फ्लाक हे आपलं म्हणायला या पिढीला अडचण नाही. तिला मैदानावर आणायचं तर सामन्यांचं वेळापत्रक ठाम लागेल, लीग मध्येच थांबता कामा नये, आणि राष्ट्रीय संघात निवडलेला मुलगा आपल्याच गावाच्या क्लबकडून खेळताना दिसायला हवा.