पॉवर स्टिअरिंगचा इशारादिवा : अर्थ आणि उपाय

पंचायत समितीची जीप, ग्रामीण रुग्णालयाची रुग्णवाहिका, शाळेची बस आणि खाजगी मोटार या बहुतेक वाहनांत आज पॉवर स्टिअरिंगची सोय आढळते. तिच्यात बिघाड झाल्यास चालकासमोरील फलकावर एक दिवा लागतो. स्टिअरिंगच्या चाकाचे चित्र आणि त्याशेजारी उद्गारचिन्ह असे त्याचे स्वरूप असून, रंग पिवळा किंवा तांबडा असतो. इंजिन सुरू करताना हा दिवा क्षणभर लागून विझतो. ती केवळ यंत्रणेची स्वतःची तपासणी होय. परंतु चालत्या गाडीत तो लागला किंवा विझलाच नाही, तर त्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे ठरते.

अशा वेळी दोन प्रकारच्या चुका होतात. काही चालक घाबरून जोराने ब्रेक दाबतात, किंवा चालत्या गाडीचे इंजिनच बंद करतात. काही जण गाडी चालते आहे ना, एवढ्यावर समाधान मानून आठवडेच्या आठवडे तशीच हाकतात. पहिली चूक तत्काळ जिवावर बेतू शकते, तर दुसरी काही काळानंतर. दोन्हींच्या मुळाशी एकच अज्ञान आहे : हा दिवा नेमके काय सांगतो, हे ठाऊक नसणे.

मूळ यंत्रणा आणि तिची मदत

स्टिअरिंगचे चाक, त्याचा दांडा, दातेरी चक्रे आणि पुढील चाकांना जोडणारे दुवे ही स्टिअरिंगची मूळ यंत्रणा होय. पॉवर स्टिअरिंग ही तिला दिलेली जोड आहे. चालकाने चाक किती जोराने फिरविले, हे ओळखून ती त्याच दिशेने आपले बळ लावते. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने 1920 च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारे असे स्टिअरिंग सिद्ध केले. विक्रीच्या मोटारीत ते 1951 मध्ये क्रायस्लर कंपनीच्या ‘इंपीरियल’ गाडीतून आले. विजेच्या मोटरवर चालणारा प्रकार जपानमध्ये 1988 मध्ये सुझुकीच्या ‘सर्व्हो’ या लहान गाडीत प्रथम बसविण्यात आला.

आपल्या रस्त्यांवरील सर्वसाधारण वाहनांत ही मदत थांबली तरी स्टिअरिंगचे चाक आणि पुढील चाके यांचा यांत्रिक सांधा कायम राहतो. म्हणजेच गाडी वळविता येते. मात्र ती वळविण्यास पुष्कळ अधिक बळ लागते. वेगात असताना हा जडपणा कमी जाणवतो. गाडी मंदगतीने वळविताना, उभी करताना आणि घाटातील आवळ वळणावर तो प्रकर्षाने जाणवतो.

जुन्या जीपमध्ये किंवा अँबॅसडरमध्ये पॉवर स्टिअरिंग कोठे होते, असा प्रश्न अनुभवी चालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्या गाड्यांतील चाक मोठे असे आणि थोडे वळण घेण्यासाठीही ते बरेच फिरवावे लागे. त्यामुळे हातावर भार कमी येई. आजच्या गाडीतील दातेरी चक्रांची रचना मदत मिळणार हे गृहीत धरून केलेली असते. म्हणून मदत गेलेली नवी गाडी जुन्या साध्या गाडीपेक्षाही जड वाटते.

बिघाडाची कारणे

तेलाच्या दाबावरील पद्धतीत इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. नळीतून तेल गळणे, तेलाची पातळी खाली जाणे, पट्टा सैल होणे किंवा तुटणे आणि पंप झिजणे ही येथील मुख्य कारणे होत. या प्रकारच्या अनेक गाड्यांत इशारादिवा नसतोच. तेथे वळताना येणारा घरघराट आणि गाडीखाली पडलेला तेलाचा डाग हाच इशारा समजावा. पट्टा तुटल्यास बॅटरीचा दिवाही लागतो. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असल्यास इंजिन तापू लागते. अशा स्थितीत गाडी पुढे नेणे म्हणजे इंजिनही गमावणे होय.

विजेच्या पद्धतीत तेल नसते. दांड्यावरील पीळ मोजणारे संवेदक, नियंत्रक पेटी आणि मोटर असे तिचे भाग आहेत. बॅटरी किंवा आल्टरनेटर कमजोर होणे, जोडणी सैल होणे, फ्यूज जाणे अथवा संवेदक नादुरुस्त होणे यांमुळे दिवा लागतो. अरुंद जागेत गाडी वारंवार मागेपुढे घेतल्यास मोटर तापते व मदत तात्पुरती कमी होते.

दिवा लागल्यास काय करावे?

स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे. पाय हळूहळू वर घेऊन वेग कमी करावा. मागील वाहनांना इशारा देऊन रस्त्याच्या कडेला, शक्यतो सपाट आणि दूरवरून दिसेल अशा जागी गाडी थांबवावी. वळणावर, पुलावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबणे टाळावे. हँडब्रेक लावून चारही इशारादिवे चालू करावेत आणि मागे काही अंतरावर त्रिकोणी फलक ठेवावा.

गाडी थांबेपर्यंत इंजिन बंद करू नये, ही सर्वांत महत्त्वाची सूचना होय. इंजिन बंद पडताच ब्रेकला मिळणारी मदतही एकदोन वेळा पाय दाबताच संपते आणि ब्रेक कडक होतो. किल्ली काढल्यास स्टिअरिंगला कुलूप बसू शकते. इंधन वाचविण्यासाठी कसारा किंवा खंडाळा घाटासारख्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची घातक सवय काही चालकांना असते. ते स्वतःच्या हाताने स्टिअरिंग आणि ब्रेक या दोहोंची मदत काढून घेत असतात.

गाडी सुरक्षित थांबल्यावर तेलाची पद्धत असल्यास पातळी पाहावी. कमी असल्यास वाहनाच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. ब्रेकचे तेल कधीही घालू नये. विजेची पद्धत असल्यास इंजिन बंद करून काही मिनिटांनी पुन्हा सुरू करावे. दिवा विझला तर बिघाड तात्पुरता असू शकतो, तरीही तपासणी चुकवू नये. दिवा कायम असल्यास आणि माहितीपुस्तिकेत मुभा असल्यासच, गाडी मंदगतीने जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी. चाक अडकत असेल, खडखडत असेल किंवा गाडी आपोआप एका बाजूस ओढली जात असेल, तर मात्र ती जागची हलवू नये. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि अन्यत्र आणीबाणीच्या प्रसंगी 112 या क्रमांकावर मदत मागता येते.

स्टिअरिंगच्या चाकात बहुधा एअरबॅग असते. त्यामुळे ते खोलण्याचे काम जाणकार कारागिरावरच सोपवावे. तो नियंत्रकातील दोषाची नोंद यंत्राने वाचून नेमका भाग शोधू शकतो. त्याआधी बॅटरीची तपासणी करून घेतल्यास अनेकदा मोठा खर्च वाचतो.

जबाबदारी कोणाची?

दिवा न लागताही स्टिअरिंग जड होत असेल तर प्रथम पुढील टायरमधील हवा पाहावी. स्टिअरिंग एका टोकाला फिरवून तसेच धरून ठेवू नये. त्याने पंप आणि मोटर तापतात. ही पथ्ये चालकाने पाळावयाची आहेत. परंतु सार्वजनिक वाहनाबाबत जबाबदारी चालकापुरती मर्यादित राहत नाही. दिवा लागल्याची नोंद त्याच दिवशी लॉगबुकात व्हावी आणि ती वाचून दुरुस्तीस मंजुरी देणाऱ्याने विलंब लावू नये. शाळेच्या बसची तपासणी करताना मुख्याध्यापकांनी किल्ली फिरवून दिवे लागतात व विझतात का, एवढे पाहिले तरी पुरे. दिवा मुळीच लागत नसेल तर त्याचीही चौकशी करावी, कारण तो त्रासदायक वाटून तोडलेला असण्याचा संभव असतो. रुग्णवाहिकेतील रुग्णाला आणि बसमधील मुलांना हा दिवा दिसत नाही. ज्यांना तो दिसतो, त्यांनी त्यांच्या वतीने त्याची दखल घेतली पाहिजे.