दागिना मोडण्यापूर्वी

धनत्रयोदशीला गुंजभर तरी सोने घरात यावे, ही आपली जुनी हौस. सोन्याला आपण लक्ष्मी म्हणतो. प्राचीन इजिप्तचे लोक त्याला देवांचे अंग मानीत. सोने गंजत नाही, तसे देवही झिजत नाहीत, हा त्यांचा हिशेब!

१९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामेन या तरुण राजाची कबर सापडली. त्याच्या शवावरील वस्त्रांत दीडशेच्या आसपास दागिने, ताईत व इतर वस्तू निघाल्या. केवळ शोभेसाठी का त्या घातल्या होत्या? छे! लाल अकीक रक्ताचा, हिरवट पेरोज नव्या पालवीचा, अफगाणिस्तानातून आणलेला निळा लाजवर्द आकाशाचा. शेणाचा गोळा ढकलीत नेणारा भुंगा म्हणजे उगवता सूर्य आणि पुनर्जन्म. हे सारे आज कळते, कारण त्या लोकांनी ते लिहून ठेवले.

आता आपल्या खानदेशात या. नंदुरबार जिल्ह्यात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे हे क्षेत्र आहे. तेथे १९५५ साली बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली. खापरांबरोबर मणीही मिळाले. त्याच युगातील नेवाशाच्या एका बालकाच्या दफनात तर तांब्याच्या मण्यांची माळ धाग्यासकट सापडली. ती माळ आईने कौतुकाने घातली, की दृष्ट लागू नये म्हणून? कोण सांगणार! मणी उरले, पण त्यांची कहाणी लिहिलेली नाही.

याच जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीत, कमरेला घुंगरू व सुके भोपळे आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप लेवून आदिवासी बांधव नाचतात. हा साज नवसाचा असतो. तो लेणारा काही दिवस कडक नेम पाळतो. त्याचा अर्थ तोच आपल्याला सांगू शकतो.

आपल्या घरीही तसे सांगणारे कोणी असते. यंदा आजीच्या पुतळ्या किंवा वज्रटीक मोडून नवा हार करण्याचा बेत असेल, तर खुशाल करा. अडीनडीला मोडण्यासाठीच तर सोने घेतात. मात्र तो दागिना मुशीत जाण्यापूर्वी आजीजवळ बसा. तो कोणी घडवला, कोणत्या वर्षी गहाण पडला, कोणी सोडवून आणला, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. वजन काय, सराफही सांगेल!