चष्मा सुटला, तरी डोळा तोच



माझा एक जुना विद्यार्थी गेल्या दिवाळीनंतर आमच्या धायरीच्या घरीं आला. शाळेंत असतांना फळ्यावरील अक्षर दिसावें म्हणून तो नेहमीं पहिल्या बांकावर बसे. पुढें त्याच्या चष्म्याचा नंबर उणे ७ पर्यंत गेला. त्या दिवशीं मात्र त्याच्या नाकावर चष्मा नव्हता. गच्चीवर जातांच तो हर्षानें म्हणाला, "सर, सिंहगडावरचा मनोरा मला येथून नुसत्या डोळ्यांनीं दिसतो!" लेसरची शस्त्रक्रिया होऊन त्याला चार वर्षें झालीं होतीं. मीं विचारलें, "डोळ्याच्या मागचा पडदा शेवटीं केव्हां तपासून घेतलास?" तो हंसला. "आतां कशाला, सर? नंबरच गेला कीं!"

हें वाक्य पुष्कळ शिकल्यासवरलेल्या घरांतून ऐकूं येतें. मी वैद्य नव्हे. परंतु जन्मभर उणे ५ चा चष्मा वागविलेला माणूस आहें, आणि त्या निमित्तानें जें वाचलें व विचारून घेतलें, तें आज सांगतों.

प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागें मोजला तर सुमारें २४ मिलिमीटर भरतो. ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाचा डोळा बहुधा याहून लांब असतो. एक मिलिमीटर लांबी वाढली कीं नंबर अडीच ते तीननें उणा होतो, आणि दूरच्या वस्तूचें चित्र मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, न पडतां त्याच्या अलीकडेंच पडतें. डोळ्याचें कवच असें लांबलें म्हणजे आंतील नाजुक दृष्टिपटलही ताणलें जातें व कडेकडेला विरलेल्या धोतरासारखें पातळ होतें. डोळ्याच्या पोकळींत जो पारदर्शक गर असतो, तो वयाबरोबर पातळ होऊन आकसतो आणि दृष्टिपटलापासून सुटूं लागतो. लांब डोळ्यांत हें लौकर घडतें. सुटतांना एखाद्या जागीं तो घट्ट चिकटलेला असला, तर तेथें ओढ बसून पटलाला फाट पडते. मग त्या फटींतून पाणी मागें शिरतें. पावसाळ्यांत गिलाव्याला चीर जाऊन ओल मुरली म्हणजे भिंत जसा पोपडा धरते, तसें दृष्टिपटल मागच्या थरापासून सुटतें. आणि त्याचें बरेंचसें पोषण त्याच थरांतून होत असल्यामुळें सुटलेला भाग आंधळा होऊं लागतो. पूर्वीं अशा रोग्याला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत, आणि बहुतेकांची दृष्टि जाई. फाट शोधून ती बंद केली पाहिजे, हें स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनँ यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत सिद्ध केलें, आणि असाध्य रोग साध्य झाला.

आतां लेसरकडे वळूं. १९८१ सालीं मद्रास विद्यापीठांत शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन् हे अमेरिकेंत प्रयोग करीत असतां सणाच्या जेवणांतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कूर्चेवर त्यांनीं या जातीचे किरण सोडून पाहिले. आजूबाजूस न भाजतां सुबक छेद पडला, आणि त्यांतूनच पुढें ही नेत्रचिकित्सा निघाली! लॅसिक पद्धतींत बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा एक पापुद्रा उचलतात व त्याखालील भाग घासून सपाट करितात. हा पडदा मध्यभागीं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. उणे ५ नंबरासाठीं त्यांतून केसाच्या जाडीएवढा थर निघतो. म्हणजे सारें काम पुढच्या दाराशीं होतें. मागची भिंत जेथें होती तेथेंच राहते, आणि ताणलेलें पटलही तसेंच राहतें.

शस्त्रक्रियेनेंच फाट पडते काय, असा प्रश्न श्रोते विचारतील. पापुद्रा कापतांना वलय लावून डोळा धरतात, त्यामुळें आंतला दाब थोडा वेळ बराच वाढतो; म्हणून वैद्यांनाही ही शंका आली होती. परंतु मोठ्या पाहण्यांत असें आढळलें कीं, शस्त्रक्रिया झालेल्यांत दृष्टिपटल सुटण्याचें प्रमाण तेवढ्याच नंबराच्या इतर लोकांहून ठळकपणें अधिक नाहीं. धोका आहे तो मूळच्या लांब डोळ्याचा. १९९३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत उणे १ ते ३ नंबरवाल्यांस हा धोका चौपट, तर त्यापुढच्यांस दहापट दिसला. सर्वसाधारण समाजांत वर्षाला दहा हजारांत सुमारें एकाचें पटल सुटतें. तेव्हां दहापट म्हणजे हजारांत एक. घाबरून जाण्याजोगें हें नव्हे, पण तो आंकडा दर वर्षाचा आहे, हें ध्यानांत असूं द्यावें.

डोळ्यांपुढें एखाददुसरा ठिपका तरंगणें बहुधा निरुपद्रवी असतें. परंतु अकस्मात् काळ्या ठिपक्यांचा वर्षाव झाला, अंधारांत बाजूस वीज चमकल्यासारखें दिसलें, किंवा एका कडेनें पडदा सरकत आला, तर उद्यांची वाट पाहूं नये. नुसत्या फाटीभोंवतीं लेसरचे ठिपके देण्यास पाव घटकेचें काम पुरतें. पटल सुटल्यावर मात्र मोठी शस्त्रक्रिया, आणि मध्यबिंदु सुटल्यास पूर्वीची नजर क्वचितच परत मिळते. तपासणीसाठीं थेंब घालून बाहुली मोठी करितात. पुढें कांहीं तास अंधुक दिसतें, यास्तव स्वतः वाहन हांकीत जाऊं नये.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाहीं. लेसरनंतर नवा वैद्य विचारतो, "चष्मा आहे काय?" आपण "नाहीं" म्हणतों, आणि तो आपल्याला निर्दोष डोळ्याचा समजतो. म्हणून पूर्वीचा नंबर आपण होऊन सांगावा. पुढें मोतीबिंदूच्या वेळीं बसवावयाच्या भिंगाचें गणितही बुबुळाचा आकार बदलल्यामुळें चुकूं शकतें. तेव्हां शस्त्रक्रियेपूर्वींचीं मापें फार उपयोगी पडतात. कागद हरवले असतील तर जुना चष्मा शोधावा. चष्म्याचा दुकानदार यंत्रावर त्याचा नंबर काढून देतो.

त्या विद्यार्थ्यानें माझ्या आग्रहास्तव तपासणी करून घेतली. उजव्या डोळ्याच्या कडेला पटल विरलेलें निघालें, फाट नव्हती. दर वर्षीं या, असें सांगण्यांत आलें. ज्येष्ठांत एका रात्रीं त्याला त्याच डोळ्यांत वीज चमकतांना दिसली. सकाळींच तो रुग्णालयांत गेला, आणि दुपारपर्यंत लहानशा फाटीभोंवतीं लेसर होऊन घरींही आला. त्याच्या आईनें त्याचे शाळेपासूनचे सारे चष्मे बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेविले होते. तो डबा आतां त्यानें आपल्या कपाटांत नेऊन ठेविला आहे.