आल्प्समधील उन्हाळी वारे आणि पॅराग्लायडिंगची सुरक्षितता

पॅराग्लायडरच्या कापडी पंखास ताठ सांगाडा नसतो. पुढील तोंडांतून शिरणाऱ्या हवेच्या दाबामुळेच त्याचा आकार टिकतो. त्याची सहज गतीही ताशी सुमारे ३५ ते ४० किलोमीटर एवढीच असते. या दोन मर्यादांमुळे उन्हाळ्यात पर्वतप्रदेशात उड्डाण करणाऱ्यास वाऱ्याची दिनचर्या जाणून घेणे अपरिहार्य ठरते. स्वित्झर्लंडमधील व्हॅले प्रांताचे ऱ्होन खोरे हे याचे उत्तम उदाहरण होय.

सूर्याभिमुख उतार तापले की त्यांवरील हवा वर चढू लागते. कोरडी हवा चढताना दर १०० मीटरला सुमारे १ अंश सेल्सिअसने थंडावते. तरीही ती सभोवतालच्या हवेहून उष्ण असेतोपर्यंत चढतच राहते. भर दुपारी या प्रवाहांचा वेग सेकंदास ५ मीटरहून अधिक होऊ शकतो. प्रवाहाच्या कडेस हवा खाली उतरत असते. ही सीमा ओलांडताना पंखावर येणाऱ्या हवेचा कोन एकाएकी बदलतो व पंखाची एखादी बाजू मिटते. पुरेशी उंची असल्यास ती पुन्हा फुलण्यास अवधी मिळतो. उताराजवळ तो मिळत नाही.

दुसरे संकट तळाशी असते. खोऱ्यातील हवा मैदानावरील हवेपेक्षा अधिक तापते, तेथील दाब उतरतो आणि जिनीव्हा सरोवराच्या बाजूने वारा खोऱ्यात शिरतो. अरुंद जागी त्याचा वेग वाढतो. तो पंखाच्या गतीइतका झाला की वाऱ्यासमोरील पॅराग्लायडर जागीच खिळतो. त्याहून अधिक झाल्यास मागे रेटला जातो. घरे व वृक्षरांगा यांच्या आडोशास हवेचे भोवरे निर्माण होतात. खोऱ्याच्या वरच्या टोकास, गोम्स भागात, काही दिवशी दुपारी २,१६४ मीटर उंचीची ग्रिम्झेल खिंड ओलांडून उलट दिशेचा वारा खाली उतरतो. म्हणून वरची हवा शांत भासली, तरी तीवरून उतरण्याच्या जागेचा अंदाज बांधता येत नाही.

बाष्पाचे सांद्रीभवन होऊन मेघ बनताना उष्णता मुक्त होते व ऊर्ध्वप्रवाह अधिकच बळावतो. १४ फेब्रुवारी २००७ रोजी, ऑस्ट्रेलियातील उन्हाळ्यात, मॅनिला येथे एव्हा व्हिश्निएर्स्का ही उड्डाणपटू वादळी मेघात ओढली जाऊन ९,९४६ मीटर उंचीवर पोहोचली. बेशुद्ध होऊनही ती बचावली; त्याच वादळात दुसऱ्या एका उड्डाणपटूचा मृत्यू झाला.

तात्पर्य, सुरक्षिततेचा निर्णय बव्हंशी उड्डाणापूर्वीच करावयाचा असतो. नवशिक्याने सकाळी उडून खोऱ्यातील वारा बळावण्यापूर्वी उतरावे, उतरण्यास रुंद व मोकळी जागा निवडावी आणि मेघ उंच वाढू लागताच त्याच्या छायेतून दूर व्हावे.