एडिंबरोहून एका दिवसाचा मोटारप्रवास

स्कॉटलंडास अल्पकाळ जाणाऱ्या नागपूरकरांस बहुधा एकच दिवस मोकळा मिळतो, आणि तेवढ्यात उत्तरेकडील सारे पर्वत व सरोवरे पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा, दिवस मोटारीतच सरतो. आमच्या मते आग्नेयेस सुमारे 70 किलोमीटरांवरील डन्स गावी जावे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 1817 साली तेथे झाला. नागपुरास त्यांनी शाळा घातली, भोवतालच्या खडकांतील जीवाश्म धुंडाळले, आणि 1863 साली ते नागपूरजवळच नदीत बुडून वारले.

परतताना समुद्रकाठचा रस्ता धरावा. सिकार पॉइंट येथे करड्या खडकाच्या उभ्या थरांवर तांबड्या वालुकाश्माचे किंचित कललेले थर टेकलेले दिसतात. पृथ्वीच्या अफाट वयाची साक्ष जेम्स हटन यांस 1788 साली येथेच मिळाली. हिस्लॉपसाहेबांच्या भूगर्भप्रेमाचे मूळ याच भूमीत असावे, अशी आमची आपली कल्पना! खाली उतरण्याची वाट फार उभी आहे. मुले बरोबर असल्यास वरूनच पाहावे.

मोटार आपल्याप्रमाणेच डावीकडून हाकावयाची, व भारतीय परवाना तेथे बारा महिने चालतो. अंतरे मात्र मैलांत लिहिलेली असतात. डिसेंबरात सूर्य चारच्या आतच मावळतो. तेव्हा आधी समुद्रकाठ पाहावा, मग डन्स.