प्रिंटरमधून निघणारी जखमेची पट्टी: औषध आतच, ठणका कमी!

जखम झाली तेव्हा दुखलं नसेल तेवढं ड्रेसिंग बदलताना दुखतं, हे ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको. दौंडच्या गुऱ्हाळावर उकळत्या रसाने भाजलेला हात असो, शिरूरच्या उसात लागलेला कोयता असो किंवा बाईकच्या सायलेन्सरचा चटका असो. कोरडं गॉज जखमेला चिकटतं आणि काढताना नवी त्वचाही ओढून काढतं. म्हणूनच संशोधक आता वेदनाशामक औषध भरलेली हायड्रोजेलची पट्टी प्रिंट करतायत. हे कसं चालतं, बघूया.

हायड्रोजेल म्हणजे काय?

बाळाच्या डायपरमधले दाणे पाणी पिऊन फुगतात ना, तोच प्रकार. पॉलिमरच्या बारीक जाळ्यात पाणी अडकून राहतं. पुण्याच्या एनसीएलने असंच पाणी धरून ठेवणारं 'जलशक्ती' नावाचं पॉलिमर बनवलं होतं.

जखमेला हा ओलावा का हवा? १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की उघडी ठेवून सुकवलेल्या जखमेपेक्षा झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने येते. शिवाय ओलं जेल चिकटत नाही, थंडावाही देतं.

मग प्रिंटर कशाला?

इथे शाईऐवजी जेल असतं. समुद्री शेवाळातून मिळणारं अल्जिनेट घ्यायचं, त्यात लिडोकेनसारखं बधिर करणारं औषध मिसळायचं आणि सिरिंजच्या बारीक तोंडातून थरावर थर जाळी काढायची. कॅल्शियमचं द्रावण लागलं की जेल घट्ट होतं.

खरी गंमत डिझाइनमध्ये आहे. जाळी विरळ ठेवली तर औषध लवकर सुटतं, दाट ठेवली तर सावकाश. म्हणजे फाइलमध्ये रेषांमधलं अंतर बदललं, की औषधाचा वेग बदलतो! पट्टीचा आकारही जखमेच्या मापाचा करता येतो.

सुटलेलं लिडोकेन नसांमधले सोडियमचे मार्ग बंद करतं, त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जातच नाही. पण उघड्या जखमेतून ते रक्तातही उतरतं आणि प्रमाण जास्त झालं तर हृदय आणि मेंदूवर परिणाम होतो. म्हणून औषध किती आणि किती वेगाने सुटतं, यावर सगळा खेळ आहे.

आज काय करायचं?

साधी हायड्रोजेल ड्रेसिंग बाजारात मिळते. औषध भरून प्रिंट केलेली पट्टी मात्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. तोवर एवढं लक्षात ठेवा:

• भाजलं तर लगेच २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नका.
• कोयता लागला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.
• बधिर करणारं मलम उघड्या जखमेवर स्वतःच्या मनाने लावू नका.
• ड्रेसिंग करताना "न चिकटणारी पट्टी मिळेल का?" असं बिनधास्त विचारा. ती आजही मिळते.