कुलूप लागलेलं घर

नववीच्या गणितात सांख्यिकीचा धडा आहे. प्राथमिक आणि दुय्यम सामग्री, जोडस्तंभालेख, मध्य, मध्यक, बहुलक हे सगळं त्यात येतं. पण आकडे बहुतेक वेळा तयारच मिळतात. ते कुणाकडून, कोणत्या महिन्यात आणायचे, हे मुलांना ठरवावं लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्यात खरा धडा तिथंच सुरू होतो. इथं धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोद्याचा आणि केजचा रस्ता मिळतो. चौकात उभं राहून भेटेल त्याला विचारलं तर तासाभरात वही भरेल, पण तिच्यात ढाब्यावर थांबलेले प्रवासी आणि ड्रायव्हरच जास्त असतील. म्हणून सुरुवात यादीपासून करावी. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये घरांची नोंद असते. समजा त्यातली ४०० घरं धरली आणि ४० निवडायची आहेत. १ ते १० च्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची; ७ निघाला, तर ७, १७, २७ असं शेवटपर्यंत जायचं. एवढं एका तासिकेत जमतं.

अवघड जागा पुढं आहे. दिवाळीनंतर यादीतल्या २७ नंबरच्या घराला कुलूप असतं, कारण घरची मंडळी ऊसतोडीला गेलेली असतात. मुलं साहजिकच शेजारच्या उघड्या घरात शिरतात आणि ४० चा आकडा पुरा करतात. आलेखाची पट्टी हातात घेण्याआधी या कुलपापाशी थांबून शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. ज्या घरात जमीन थोडी किंवा कोरडवाहू, तेच घर बहुधा कोयत्यावर जातं. त्याच्या जागी शेजारी धरला की गावाची सरासरी जमीन आणि दुभती जनावरं फुगतात, आणि ४० ची ८० घरं केली तरी ही चूक जात नाही. बंद घर ‘बंद’ म्हणूनच लिहावं, आलेखात त्याचा वेगळा स्तंभ काढावा. प्रश्नही नेमका हवा. ‘किती कोयते गेले?’ याचं उत्तर एक आलं तर माणसं दोन, कारण नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो.

सोयीचं ते आत ओढण्याची ही खोड मोठ्यांनाही आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या नमुन्यांवर काम केलं. शेताचा फार लहान तुकडा मोजला तर उतारा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, हे त्यांनी दाखवलं. कडेचं झाड आत की बाहेर, अशी शंका आली की कापणारा ते आत धरतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. लहान तुकड्यांच्या बाजूनं संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस होते, म्हणजे वाद दिग्गजांचाच होता. आज पीक विम्याची भरपाई ठरवताना पीक कापणी प्रयोगांचे आकडे धरले जातात, तेव्हा हा विषय इथल्या मुलांच्या घरापर्यंत येतो.

कुलपापाशी थांबून शिकवण्यावर पहिला आक्षेप वेळेचा. ४० गुणांच्या पेपरात कुलपाला गुण नाहीत, हे खरं आहे. पण मध्य आणि मध्यक यांतला फरक स्वतः आणलेल्या आकड्यांवर लवकर कळतो. नऊ घरांची जमीन १, १, २, २, २, ३, ३, ४ आणि १८ एकर असेल, तर मध्य ४ येतो आणि मध्यक २. नऊपैकी सात घरं मध्यापेक्षा खाली आहेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लोकांची जमीन आणि उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली रक्कम, मुलांनी का विचारावी? उचलीचा प्रश्न गाळावाच, नावं लिहूच नयेत. सरकारी आकडे असताना ही धडपड कशाला, असंही कुणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, ऐन तोडणीच्या हंगामात. त्या सगळ्या काळात जो बाहेर होता, त्याला तो असेल तिथं मोजायचं, असा नियम होता. कुलूप पाहिलेलं मूल गावाची लोकसंख्या वाचताना हा महिना विचारील. हंगाम संपून माणसं परतली की बंद घरांत पुन्हा जावं. जूनमध्ये तीच मुलं दहावीत असतात आणि वर्गीकृत वारंवारतेवरून मध्य काढायला त्यांना खरी सामग्री लागतेच.